सावलीगावचा खोकला

मथुरा भांगरे कुणावर विश्वास ठेवत नाही, हीच तिची पात्रता ठरली. काळमदऱ्याच्या ग्रामसभेत पहारेकरी निवडायचा विषय निघाला तेव्हा शिकलेली पोरं पुढं होती, माजी सरपंच होते. पण कुणीतरी मागून म्हणालं, जी बाई दूध घेताना आधी भांडं उलटं करून बघते आणि लग्नाच्या मांडवात चपला पिशवीत घालून बसते, तिलाच बसवा की. सगळे हसले. हसता हसता हात वर झाले आणि मथुरा पहारेकरीण झाली.

पहारा होता सावलीगावावर.

घाटमाथ्यावर एक धरण, खाली कोकणात दुसरं, आणि दोहोंना जोडणारा बोगदा डोंगराच्या पोटातून, असा तो प्रकल्प. दिवसा सौरवीज उतू जाते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं आणि अंधार पडला की ते खाली सोडून वीज करायची. म्हणजे डोंगराचीच बॅटरी. शहरांना ती हवी होती, आणि ती गरज खोटी नव्हती. पण असे प्रकल्प जिथं जिथं आले तिथं तिथं डोंगरातली माणसं आजारी पडली, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच मिळालं : चुलीचा धूर, तंबाखू, घराण्यातच दमा. ते खोडता येत नसे. प्रकल्प आला नसता तर हाच माणूस आज कसा असता, हे कोण सांगणार?

ते सांगण्यासाठी सावलीगाव होतं. खोदकामाआधी काळमदऱ्यातल्या एकेका माणसाची तपासणी झाली. रक्त, फुप्फुसांची ताकद, जनुकांची ठेवण, घरात चूल आहे की गॅस, कोण किती डोंगर चढतं, काय खातं. विहिरीचं पाणी आणि वाऱ्याच्या दिशाही सुटल्या नाहीत. या सगळ्यातून संगणकात दुसरं काळमदरा उभं राहिलं. तीच घरं, तीच माणसं, वयंही तीच, फक्त त्या डोंगरात बोगदा नव्हता. खऱ्या गावावर पाऊस पडला की तिथंही पडे. तालुक्यात तापाची साथ आली की तिथंही येई. रेशन लांबलं की तिथलीही पोरं वाळत.

दर महिन्याला खऱ्या गावातली माणसं एका नळीत फुंकत. गावानं तिचं नाव फुंकणीच ठेवलं होतं. श्वासातल्या बारीक खुणांवरून यंत्र फुप्फुसांची हालत ओळखे, आणि मग दोन्ही गावं शेजारी शेजारी मांडून बघायची. खरं गाव सावलीपेक्षा फारच आजारी निघालं तर पहारेकरणीनं पडद्यावर अंगठा ठेवायचा, की खोदकाम बंद. कलेक्टरला विचारायला नको, कंपनीला तर नकोच. कायदाच तसा झाला होता.

या रचनेत एकच गोष्ट बाहेरून आणावी लागे : स्वच्छ हवा. सावलीगावातल्या माणसांनी कोणती हवा घ्यायची, हे यंत्राला रोज कळायला हवं. त्यासाठी कड्याच्या टोकावर एक खांब रोवला होता. कोकणातून चढून येणारा वारा, बोगद्याला न शिवलेला, तिथं मोजला जाई. खांबाच्या कुलपाची चावी मथुरेच्या कमरेला असे.

खोदकामाच्या पहिल्याच वर्षी तिनं अंगठा लावला. यंत्रं थांबली. कंपनीनं पाण्याचे फवारे बसवले, मोठे पंखे आणले, मग काम पुन्हा सुरू झालं. पण मधल्या काळात बोगद्यावर जाणारी गावातली सगळी पोरं घरी बसली होती. त्यांच्या बायका पाणवठ्यावर मथुरेला बघून बोलायच्या थांबत. एकदा तिच्या दारात कुणीतरी बोराट्याची काटेरी फांदी टाकून गेलं. तेव्हा तिच्या बाजूनं एकच माणूस उभा राहिला, तिचा धाकटा भाऊ रोहिदास. खरं तर तो स्वतः बोगद्यात खडक फोडणाऱ्या यंत्रावर होता, बंदीत त्याचीही चूल थंडावली होती. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी परतली तेव्हा यानंच घराचा निम्मा भाग तिला दिला, आणि कधी बोलून दाखवलं नाही. तो तिला बाई म्हणे, त्यांच्याकडं थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. आख्ख्या जगात मथुरेनं ज्याच्या हातचं पाणी वास न घेता प्यायलं, असा तो एकटा.

पुढं तिला प्रशिक्षणाला नाशिकला जावं लागलं तेव्हा चावी तिनं त्याच्याकडं दिली. परतली तर तो म्हणाला, वावटळीत खांब आडवा झाला होता, मी जरा खाली, पक्क्या कातळावर रोवलाय. तिला बरंच वाटलं. तिचे गुडघे दुखत, कड्यावर चढणं नको वाटे. खांब पुसायचं काम तेव्हापासून त्यानंच अंगावर घेतलं.

आणि मग दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. म्हणजे माणसं खोकत होती, पण सावलीगावातलीही खोकत होती.

रोहिदासचा खोकला आधी कोरडा होता. मग चढावर दम लागू लागला. मग त्याला सपाटीवरही मधेच थांबून कमरेवर हात ठेवावे लागत. बोगद्याचं काम सुटलं. कंपनीच्या डॉक्टरनं पडदा मथुरेकडं वळवून शांतपणे दाखवलं, की बघा, तुमच्याच सावलीतला रोहिदास भांगरेही आजारी आहे. तो तर कधी बोगद्यात गेलाच नाही. याला कंपनी काय करणार?

मथुरेनं त्या डॉक्टरवर संशय घेतला, पडद्यावर घेतला, फुंकणीवर घेतला. दुसऱ्या वाडीतली फुंकणी मागवून फुंकून पाहिली, आकडा तोच आला. शेवटी तिनं मानलं, की हे नशिबातच असणार. रोहिदासची बायको चांगुणा एकदा हिरडे वाळत घालताना तिला म्हणाली,

"तिथला बी खोकतोय का, वन्सं?"

"खोकतोय."

चांगुणा हिरडे पसरता पसरता म्हणाली, की तिथं तरी बरे असतील असं वाटायचं मला.

शर्वरी टेकाम नाशिकहून आली ती माघाच्या उन्हात, एकटी, पाठीवर एक पिशवी घेऊन. राज्यातली अशी सगळी सावलीगावं ज्या कक्षातून चालवली जात, तिथं ती होती. मथुरेनं तिला ओट्यावर बसवलं आणि आत जाऊन नाशिकच्या कचेरीला फोन लावला, की टेकाम नावाची बाई तुमची आहे का, दिसायला कशी आहे, चष्मा कुठल्या रंगाचा. मग बाहेर येऊन पिशवी उघडायला लावली. शर्वरीनं ती निमूट उघडली. पिण्याचं पाणी तिनं स्वतःचं आणलं होतं, हे मथुरेनं मनात टिपून ठेवलं.

शर्वरीचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मार्गशीर्षात बोगदा पोखरणारं मोठं यंत्र मोडलं होतं. सुटा भाग परदेशातून येईपर्यंत डोंगर अगदी गप्प होता. त्या दिवसांत खऱ्या गावाचा खोकला जरा उतरला, ते साहजिकच. पण सावलीगावचाही उतरला. आणि यंत्र सुरू झाल्यावर दोन्ही गावांचा एकदमच वाढला.

"ताई, ज्या गावात बोगदाच नाही," ती म्हणाली, "त्या गावाला बोगदा बंद पडल्याचं कळलं कसं?"

मथुरेला प्रश्न कळला, आणि तिनं पहिला संशय घेतला तो प्रश्न विचारणारीवरच. सावली खोटी ठरली तर गावाच्या हातातला अंगठाही खोटा ठरणार. कंपनीला दुसरं काय हवंय? ही बाई गावाचं एकुलतं हत्यार बोथट करायला आली असणार. तिनं तसं तोंडावर सांगितलं. शर्वरीनं वाद घातला नाही. आपलं गाव यवतमाळकडचं, गोंडांचं, कोळशाच्या खाणीला लागून, एवढंच ती म्हणाली.

"आमच्या गावाला सावली नव्हती. माझे वडील कशानं गेले ते अजून ठरलेलं नाही."

दुःख सांगणारा माणूस मथुरेला सगळ्यात आधी खोटा वाटे. पण चावी तिची होती, खांब तिचा होता, आणि परक्या बाईला एकटीला वर सोडणं त्याहून वाईट. ती काठी घेऊन निघाली.

वाट कारवीच्या रानातून होती. उन्हाळा यायला अवकाश होता, पानं हिरवी असायला हवी होती. खांबाच्या अलीकडं ती पांढुरकी दिसू लागली. मथुरेनं एका पानावरून बोट फिरवलं. बोटाला पीठ लागलं, गिरणीत लागतं तसं, पण त्याहून मऊ. पायाखाली जमीन बारीक थरथरत होती. खांबाच्या पलीकडं, कारवीच्या दाट जाळीमागं, तारेचं कुंपण होतं आणि कुंपणात एक रुंद सिमेंटचं तोंड. बोगद्यातली हवा बाहेर फेकणारा झरोका. तोंडावर धूर नव्हता, काही दिसतही नव्हतं, नुसता गरम वारा सतत येत होता.

शर्वरीनं खिशातलं छोटं यंत्र वर धरलं आणि आकडा बघून ते तिच्या हातात दिलं. काळा कातळ तसा गरीब असतो, ती म्हणाली, पण इथं त्याच्या पोटात गारगोटीच्या शिरा आहेत. ती दळली की होणारी धूळ इतकी बारीक, की नाकातल्या केसांना अडवता येत नाही. ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. शरीरातल्या राखणदार पेशी तिला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. त्या मरतात तिथं वण उठतो. मऊ फुप्फुस हळूहळू वाळल्या कातड्यासारखं होतं, आणि क्षयाच्या जंतूला दार उघडं सापडतं. वण पुन्हा भरून येत नाही.

म्हणजे दोन वर्षं सावलीगावातली माणसं हीच हवा घेत होती. स्वच्छ म्हणून यंत्राला जी हवा सांगितली जात होती, ती बोगद्याचाच उच्छ्वास होती. खरं गाव जितकं आजारी, तितकीच सावली आजारी. फरक उरला नव्हता. फरक नाही म्हणून अंगठा नाही.

"खांब इथं आणायचं कुणी ठरवलं?" शर्वरीनं विचारलं.

उतरताना मथुरेला वाटत राहिलं, की ही बाई लबाड निघाली असती तर किती बरं झालं असतं.

रोहिदास अंगणात हिरड्याच्या झाडाला टेकून बसला होता. हल्ली त्याला आडवं झोपता येत नसे. मथुरेनं समोर बसून धुळीचं बोट त्याच्यापुढं धरलं. तो ते बघत राहिला. वावटळीची गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली नाही, हे तरी बरं केलं.

मग तुटक तुटक त्यानं सांगितलं ते असं. काम बंद होतं तेव्हा बोगद्याचे इंजिनियर बागवे साहेब घरी आले होते. चहा घेतला, पोरांची चौकशी केली. खांब वर वाऱ्यात हलतो, म्हणून चुकीचं मोजतो, म्हणाले. खाली एक पक्का कातळ आहे, तिथं असता तर असा घोळ पुन्हा झाला नसता. बस, एवढंच. झरोका तेव्हा खणायचा होता. पण जागेवर चुन्याच्या खुणा मारलेल्या होत्या, आणि बोगद्यात काम करणाऱ्याला चुन्याची खूण वाचता येते.

"तू विचारलं न्हाई, की तिथं काय व्हनारे?"

"न्हाई इचारलं." त्यानं श्वास गोळा केला. "इचारलं असतं तर कळलं असतं, बाई."

मग तोच पुढं बोलला. पोरं त्याच्याकडं बघायची, तुझ्या बहिणीनं आमचं काम घालवलं म्हणून. तिच्या दारात काटे पडले. पुन्हा बंद झालं असतं तर लोकांनी तिला गावात राहू दिलं नसतं, असं त्याला वाटलं. छातीचं कळत होतं. एवढं एक काम पुरं होईस्तोवर छाती तग धरेल, असं धरून चालला.

"माझ्यापायी केलं म्हन्तोस?"

"थोडं तुझ्यापायी. थोडं माझ्यापायी." तो खोकला. "आता येगळं करता यायचं न्हाई."

मथुरेला मारावंसं वाटलं आणि पाठ चोळावीशीही वाटली. तिनं पाठ चोळली. हाताखाली बरगड्या लागल्या.

शर्वरीनं खरा वारा मिळवला. खाली कोकणात समुद्राकडच्या एका जुन्या वेधशाळेत या सगळ्या काळातली हवेची मोजणी शिल्लक होती. ती हवा घालून तिनं सावलीगाव पहिल्यापासून पुन्हा चालवलं. पडद्यावर गाव हळूहळू बरं होत गेलं, एकेका घरातून खोकला उतरत गेला. मथुरा रोहिदासच्या नावावर बोट ठेवून बसली होती. तो रोहिदास धडधाकट होता. पाठीवर हिरड्याचं पोतं घेऊन कडा चढण्याइतकी त्याच्या छातीत हवा होती. चांगुणा मागं उभी राहून बघत होती. ती आत निघून गेली.

शर्वरीनं एक आडवाट सुचवली, आणि ती भल्या मनानंच सुचवली होती. वावटळीनं खांब पडला, चुकीच्या जागी लागला, असं कळवता येईल. फरक तर खराच आहे, अंगठा लावता येईल. कुणाचं नाव यायला नको. नाव आलं तर कंपनी म्हणेल, गावाच्याच माणसानं यंत्राशी खेळ केला, मग सावलीचा भरवसा काय? चौकशी लागेल, भावावर खटला होईल.

मथुरेनं दोन दिवस काढले. वावटळ म्हटलं की बागवे सुटला. ज्याला कुणी जाब विचारत नाही तो माणूस दुसऱ्या अंगणात बसून तसाच चहा पिणार. पण नाव सांगितलं तर ज्यानं तिला घर दिलं त्यालाच ती घरातून ओढून काढणार. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा अंगठा लावला तेव्हाही नाव सांगायचं की नाही हे ठरलेलं नव्हतं. तिनं आधी काम थांबवलं. डोंगर गप्प झाला, ते पायांना कळलं. मग ग्रामसभा बोलावली.

सभेत तिनं खांबाचं सगळं सांगितलं, झरोक्याचं सांगितलं, बागव्याच्या चहाचं सांगितलं. चावी मी दिली, म्हणाली. कुणाला दिली, इथं तिचा आवाज अडला. तेवढ्यात रोहिदास भिंतीला धरून उभा राहिला. त्यानं काही भाषण केलं नाही. "मला," एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

लोकांनी त्याला बोल लावले, तिलाही लावले. ज्यांची माणसं अंथरुणावर होती ते उठून घरी गेले, आणि ते जास्त जड गेलं. पुढं चौकशी आली. शर्वरीच्या अहवालामुळं बंदी टिकली. आजाऱ्यांच्या औषधपाण्याचा भार कंपनीवर आला, त्यात रोहिदासचं नाव राहील की नाही ते कोर्टात अडकलं. खांब पुन्हा कड्यावर गेला, आणि आता गावातलं एकेक घर पाळीनं तिथं चढून बघून येतं. मथुरेवर कुणी विश्वास टाकत नाही, आणि तिला ते रास्त वाटतं.

बागवे साहेबांची बदली झाली. बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी, चिंचखांडला. बढतीवर.

चिंचखांड म्हणजे कड्याखालची ठाकरांची वस्ती. तिथं अजून सुरुंग लागायचा होता. त्यांचा खांब कुठं रोवायचा यावर सभा होती, आणि रोहिदासनं तिथं जायचा हट्ट धरला. मथुरेनं मना केलं, डॉक्टरांनी केलं. शेवटी तिनं जीप ठरवली आणि बरोबर गेली.

तिथल्या लोकांनी त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि दूरच राहिले. दोन दिवसांपूर्वी बागवे साहेब येऊन गेले होते, भला माणूस आहे, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं सरळच विचारलं, की तुम्ही वरच्या गावचे, तुमचं काम बंद पडलं म्हणून आमचंही पाडायला आलात का? तुम्हाला कुणी धाडलं? मथुरा उत्तर द्यायला उठणार होती, तिला असले प्रश्न कसे विचारतात ते पाठ होतं. रोहिदासनं तिचा हात दाबून खाली बसवलं आणि स्वतः उठला.

"मी बोगद्यात व्हतो," तो म्हणाला आणि थांबला.

छाती वर गेली, खाली आली. घशातून ओल्या लाकडाच्या चुलीसारखा आवाज आला. माणसं वाट बघत राहिली.

"खांब," तो म्हणाला. पुन्हा थांबला. तोंड उघडं ठेवून त्यानं हवा ओढली, ती आत जायला तयार नव्हती. मथुरेनं त्याच्याकडं बघितलं नाही, ती समोरच्या चेहऱ्यांकडं बघत होती. ज्यानं प्रश्न विचारला होता त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"तेनी सांगितलं..." रोहिदासला वाक्य पुरं करता येईना. तो तरीही खाली बसला नाही. श्वास घेत उभा राहिला, आणि सभेत त्या श्वासाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात वर केला.

"बस, लेकरा," ती म्हणाली. "ऐकू आलं."